‘तूंच निवडलास ना?’

नोव्हेंबर 2020 मध्यें वसईकडील एका तरुणीनें पोलीस ठाण्यांत एक लेखी अर्ज दिला. ज्याच्यासह आपण राहतों तो आपणांस मारहाण करतो, त्यानें आपला गळा दाबला, आणि जिवें मारून तुकडे करण्याची धमकी तो देत असतो, असा त्या अर्जाचा मजकूर होता. पुढें कांहीं दिवसांनीं, आतां आमच्यांत भांडण उरलेलें नाहीं असें लिहून देऊन तिनें ती तक्रार मागें घेतली. पोलिसांनीं न्यायालयापुढें ठेवलेल्या आरोपपत्राप्रमाणें मे 2022 मध्यें दिल्ली येथें त्याच सोबत्यानें तिचा खून केला आणि धमकींतला शब्द न् शब्द खरा केला. घरच्या माणसांशीं तिचें बोलणें जवळजवळ तुटलेलें होतें. ती कोठें दिसत नाहीं, तिचा फोन लागत नाहीं, ही शंका प्रथम मित्रमंडळींस आली. आणि खून उघडकीस येईपर्यंत सहा महिने लोटले.

ह्या हकीकतीनंतर देशभर केवढा गदारोळ उठला हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पण तो उठला कशाविषयीं? त्या अर्जाच्या चौकशीचें आश्वासन मिळालें खरें. परंतु लोकांच्या तोंडीं तो अर्ज चार दिवसांवर टिकला नाहीं. टिकले ते निराळेच प्रश्न. मुलाचा धर्म कोणता? मुलीनें वडीलमाणसांचें कां ऐकलें नाहीं? लग्नावांचून एकत्र राहण्याचें हें फळ नव्हे काय? डिसेंबर 2022 मध्यें महाराष्ट्रशासनानें आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह करणाऱ्या जोडप्यांची माहिती घेण्यासाठीं एक समन्वय समिति नेमली, आणि टीकेची झोड उठतांच दोन-तीन दिवसांत तिच्या नांवांतील ‘आंतरजातीय’ हा शब्द गाळून ‘आंतरधर्मीय’ तेवढा शिल्लक ठेवला. गळ्यावर हात पडल्याचें एक मुलगी स्वहस्तें लिहून देते आणि तरीहि ती वांचत नाहीं, हा रोग. आणि त्यावर औषध काय, तर जोडप्यांच्या धर्माची नोंद! धर्म एक असता तर तो गळा दाबला गेला नसता असें ज्यांस प्रामाणिकपणें वाटतें, त्यांनीं स्वजातींत, पत्रिका जुळवून, मंगलाष्टकांच्या घोषांत झालेल्या लग्नांमधील जळालेल्या सुनांचें स्मरण करावें.

परंतु शासनाच्या समितीपेक्षांहि घातक अशी एक समिति आमच्या प्रत्येक घराच्या बैठकीच्या खोलींत बसलेली आहे, आणि तिचा निकाल तीन शब्दांचा असतो: ‘तूंच निवडलास ना?’ ह्या तीन शब्दांविरुद्ध आम्ही आज लेखणी उचलली आहे. आमचें म्हणणें असें कीं, प्रेमसंबंधांत मुलीचा छळ करणाऱ्या पुरुषाला जेवढें साह्य ह्या एका वाक्यानें होतें तेवढें त्याच्या मनगटाच्या बळानेंहि होत नाहीं.

प्रथम ह्या वाक्यांतील तर्क पाहूं. मुलीनें स्वतः निवड केली, म्हणून त्या निवडीचें फळ तिनें भोगावें, असा हा तर्क. ठीक आहे. मग जिची निवड आईबापांनीं केली, जिला दाखवून, पसंत करून, देण्याघेण्याची बोलणी करून दिली, तिला नवऱ्यानें मारलें असतां आम्ही आईबापांस जाब विचारतों काय? मुळींच नाहीं. तिला आम्ही सांगतों, पदरीं पडलें पवित्र झालें! म्हणजे स्वतः निवडलें तर निवडल्याबद्दल सोसावें, आणि दुसऱ्यांनीं निवडलें तर नशिबीं आलें म्हणून सोसावें. दोन्ही हिशेबांत खर्चाची बाजू मुलीच्याच नांवावर पडते, आणि ज्यानें हात उगारला त्याचें नांव वहींत कोठेंच लागत नाहीं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनीं 1882 सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून, दोष दोघांचा असतां शिक्षा एकीलाच कां, असा रोखठोक सवाल आमच्या समाजास टाकला होता. विवाहाच्या चालीरीति त्यानंतर किती तरी पालटल्या. वहीची मांडणी मात्र तीच आहे.

आतां परिणाम पाहूं. शहरांतल्या काय किंवा तालुक्याच्या गांवांतल्या काय, कॉलेजांत जाणाऱ्या बहुतेक मुलींचें प्रेम घरांत ठाऊक नसतें. ठाऊक झाल्यास काय होईल हें मात्र प्रत्येकीस ठाऊक असतें. मोबाईल काढून घेतला जाईल, कॉलेज बंद होईल, मामाच्या ओळखीचें एखादें स्थळ घाईघाईनें पाहिलें जाईल. अशा मुलीच्या गालावर पहिली चपराक बसते तेव्हां ती दोन तुरुंग तराजूंत घालून पाहते. एक त्याचा, दुसरा घरचा. बहुधा त्याचा तुरुंग तिला सोसवेल असा वाटतो, कारण त्यांत अधूनमधून गोड शब्द तरी असतात. तो पुरुषहि हा तराजू ओळखून असतो. ‘तुझ्या घरीं सांगेन’ ही त्याची पहिली धमकी. ‘तुझे फोटो तुझ्या बापाला पाठवीन’ ही दुसरी. वाचकांनीं विचार करावा कीं ह्या धमक्यांत दारू कोणाची भरलेली आहे? फोटो त्याच्यापाशीं असेल. पण त्या फोटोनें मुलीचा प्राण कासावीस होतो तो घरच्यांच्या भयानें. ज्या घरांत, कांहींहि घडलें तरी प्रथम आपलें ऐकून घेतलें जाईल, अशी मुलीची खात्री आहे, तेथें ह्या शस्त्राची निम्मी धार बोथट होते. आम्ही मुलींस धाक घालून त्यांचें रक्षण करतों असें समजतों. वस्तुतः आमचा धाक हा छळणाऱ्याच्या हातीं आम्हीच दिलेला दोर असतो.

येथें कोणी म्हणेल, मुलींस तरी कळत कसें नाहीं? पहिल्याच दिवशीं त्या निघून कां येत नाहींत? ह्या प्रश्नाचें अर्धें उत्तर वर आलेंच. उरलेलें अर्धें असें कीं, प्रेम कशास म्हणावें हें आम्ही त्यांस ज्या ग्रंथांतून, चित्रपटांतून व वर्तमानपत्रांतून शिकविलें, तेथेंच छळाला प्रेमाचें नांव दिलेलें आहे. 2019 सालच्या ‘कबीर सिंग’ ह्या हिंदी चित्रपटाचा नायक नवख्या मुलीला, तिची इच्छा न विचारतां, सबंध कॉलेजांत ‘आपली’ म्हणून जाहीर करतो, पुढें तिला थप्पड मारतो, आणि प्रेक्षकगृहांत टाळ्या पडतात. मराठींत 2016 सालीं आलेल्या ‘सैराट’नें जातीच्या अभिमानांतून होणाऱ्या हत्येवर बोट ठेवलें, आणि त्याबद्दल त्याची कीर्ति झाली ती योग्यच झाली. पण त्याच चित्रपटांत, पळून गेल्यावर परक्या शहरांत नायक नायिकेचा संशय घेतो, तिच्यावर हात टाकतो, आणि ती त्यास सोडून निघते, असाहि एक प्रसंग आहे. दिग्दर्शकानें तो लपविला नाहीं, हा त्याचा प्रामाणिकपणा. परंतु आमच्या टीकाकारांनीं त्या चित्रपटावर रकानेच्या रकाने लिहिले त्यांत ह्या चपराकीस किती ओळी आल्या? भावांच्या कोयत्याची भीति आम्हांस दिसली. प्रियकराच्या हाताची नाहीं.

वर्तमानपत्रांची भाषा तर ह्याहूनहि अपराधी आहे. मार्च 1990 मध्यें उल्हासनगर येथें दहावीच्या परीक्षेस बसलेल्या एका मुलीला परीक्षेच्या दालनांत शिरून जिवंत जाळण्यांत आलें. फेब्रुवारी 2020 मध्यें हिंगणघाट येथें एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यांत पेटवून देण्यांत आलें. मध्यें तीस वर्षें गेलीं. पण ‘एकतर्फी प्रेमांतून’ हा मथळा छापखान्यांत जुळवून ठेवल्यासारखा जसाच्या तसा निघाला. एकतर्फी प्रेम! मग दरोड्यास एकतर्फी देवघेव कां म्हणूं नये? जो नकार ऐकून पेटवून देतो त्याच्या मनांत प्रेम होतें हें संपादकांस कोणीं सांगितलें? मालकीची वस्तु हातची गेली म्हणून चवताळलेल्या माणसाच्या भावनेस आमच्या भाषेंत दुसरें नांव नाहीं काय? शब्द हे निरुपद्रवी नसतात. मारणाऱ्याच्या कृत्यास आम्ही प्रेम म्हटलें, कीं मार खाणारीहि त्यास प्रेमच म्हणूं लागते.

तेव्हां ओळखावें कसें हें स्पष्ट सांगणें भाग आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत डुलुथ नांवाचें गांव आहे. छळ सोसलेल्या स्त्रियांच्या तोंडच्या हकीकती ऐकून तेथील कार्यकर्त्यांनीं 1984 सालीं एक चक्र आंखलें. त्याच्या मध्यभागीं सत्ता व नियंत्रण, भोंवतीं आऱ्यांप्रमाणें धमकी, हेटाळणी, एकाकी पाडणें, पैशांची कोंडी इत्यादि युक्त्या, आणि प्रत्यक्ष मारहाण ही बाहेरची धांव. इव्हन स्टार्क ह्या अभ्यासकानें 2007 सालच्या आपल्या ग्रंथांत हाच विचार पुढें नेला आणि छळाचें खरें स्वरूप स्वातंत्र्याच्या अपहारांत आहे असें मांडलें. इंग्लंडांत तर 2015 च्या कायद्यानें, हात न लावतां केलेलें असें सततचें नियंत्रण हाहि स्वतंत्र गुन्हा ठरला. आमच्या मुलींना हें चक्र कोणीं दाखविलें आहे? त्यांना वाटतें, हाड मोडलें म्हणजे छळ. तोंवर सगळें प्रेम.

प्रत्यक्षांत आरंभ फार गोड असतो. तो दिवसांतून वीस वेळां फोन करतो. हें प्रेम वाटतें. फोन उचलण्यास उशीर झाला कीं कोठें होतीस, कोणाबरोबर होतीस, फोटो काढून पाठव, असें विचारतो. ही काळजी वाटते. मोबाईलचा पासवर्ड मागतो, कारण ‘आपल्यांत लपविण्यासारखें काय आहे?’ मग अमुक मैत्रीण चांगली नाहीं, तमुक मित्र तुझ्याकडे वाईट नजरेनें पाहतो, असें करतां करतां एक दिवस तिला कळून येतें कीं त्याच्यावांचून आपल्याशीं बोलणारें कोणी उरलेलें नाहीं. कपडे त्याच्या पसंतीचे, नोकरी त्याच्या परवानगीनें. चारचौघांत तिची टर उडवितो, आणि तिला वाईट वाटलें तर थट्टाहि कळत नाहीं म्हणतो. पहिल्यांदां हात उगारल्यावर तो तिच्याहून अधिक रडतो, पायां पडतो, भेटवस्तु आणतो. आणि ती सोडून जाण्याचें नांव काढतांच ‘मी जीव देईन’ म्हणतो. ह्यांतील एखादीच गोष्ट एखादे वेळीं घडली तर कोणी लगेच घाबरून जाऊं नये, माणसें चुकतात. कसोटी एकच, आणि ती सोपी आहे. त्याला ‘नाहीं’ म्हणून पाहावें. जो प्रेम करतो तो रुसेल, भांडेल, पण तें ‘नाहीं’ ऐकून घेईल. जो सत्ता गाजवितो तो त्या ‘नाहीं’ची किंमत वसूल करील. ज्या नात्यांत मुलगी बोलण्याआधीं त्याचा चेहरा पाहून शब्द निवडूं लागली, तें नातें आधींच पारतंत्र्य झालें आहे असें निःशंक समजावें.

आणि एक खूण अशी आहे कीं तीबाबत थोडाहि विलंब करूं नये. ती म्हणजे गळ्यावर पडलेला हात. 2008 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, सोबत्यानें पूर्वीं ज्यांचा गळा आवळला होता अशा स्त्रियांचा पुढें त्याच्या हातून खून होण्याचा संभव, छळ सोसणाऱ्या इतर स्त्रियांच्या मानानें सातपटींहून अधिक आढळला. गळ्यावर वळ दिसो वा न दिसो, अशा मुलीनें त्याच दिवशीं डॉक्टरास दाखवावें. कारण आंतली इजा कित्येकदां मागाहून डोकें वर काढते. वसईच्या त्या अर्जांत हीच खूण लिहिलेली होती. वाचणाऱ्यास ती वाचतां आली असती, तर ‘आपसांत मिटलें’ ह्या शब्दांवर कोणी समाधान मानलें नसतें.

आतां उपायाविषयीं. मैत्रिणीस शंका आली तर तिनें ती एकांतांत विचारावी, आणि जें सांगितलें जाईल त्यावर विश्वास ठेवावा. ‘आत्तांच्या आत्तां सोड त्याला’ असा हुकूम करूं नये. एकाच्या हुकमांतून सुटूं पाहणारीस दुसऱ्याचा हुकूम नको असतो. ती पुन्हां त्याच्याकडे गेली तरी बोलणें टाकूं नये. ती एकाकी पडावी हाच तर त्याचा हेतु. त्याचे निरोप पोंचविण्याचें आणि समेट घडविण्याचें काम कोणीहि पत्करूं नये. सोडून जाण्याचा क्षण हाच सर्वांत धोक्याचा असतो हें ध्यानांत ठेवून, ‘शेवटचें एकदां भेट’ ह्या विनवणीस मुलीनें कधींहि एकटीनें जाऊं नये. आलेल्या धमक्या संतापाच्या भरांत पुसून न टाकतां जपून ठेवाव्या, आणि त्यांची एक प्रत विश्वासाच्या माणसापाशीं द्यावी.

कायदा काय देतो हेंहि माहीत असावें. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणें, स्त्रीनें स्पष्ट अनिच्छा दाखविल्यावरहि तिचा पिच्छा पुरविणें, किंवा इंटरनेटवरील तिच्या व्यवहारांवर पाळत ठेवणें हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. धमकीचा गुन्हा कलम 351 खालीं येतो. खासगी क्षणांचे फोटो संमतीवांचून पसरविणें कलम 77 खालीं. गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असला तरी दुसऱ्या ठाण्यांत फिर्याद नोंदवितां येते. ‘हें आमच्याकडे नाहीं’ हें उत्तर आतां बेकायदा आहे. संकटसमयीं 112, आणि स्त्रियांच्या मदतीसाठीं 181 हे क्रमांक आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांतून सखी केंद्रें आहेत. परंतु एक मोठें भगदाड आहे तें सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें दंडाधिकाऱ्यास संरक्षणाचा आदेश देतां येतो, म्हणजे त्या माणसानें तिच्याजवळ फिरकूं नये असें बजावतां येतें. हा कायदा विवाहसदृश संबंधांतहि लागू आहे. पण त्यासाठीं दोघें एका घरांत राहिलेलीं असावीं लागतात. नुसतें अधूनमधून भेटणें वा शनिवार-रविवार एकत्र घालविणें एवढ्यानें असा संबंध सिद्ध होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 2010 सालीं सांगितलें. म्हणजे जी मुलगी वसतिगृहांत राहते, जिचा प्रियकर दुसऱ्या पेठेंत राहतो आणि रोज संध्याकाळीं दारांत येऊन उभा राहतो, तिला हा आदेश मागतां येत नाहीं! गुन्हा घडून गेल्यावर शिक्षेचे कायदे आहेत. गुन्हा घडण्यापूर्वीं अंतर राखविणारा हा साधा आदेश मात्र तिच्या वाट्यास नाहीं. संरक्षणाच्या आदेशाची तरतूद प्रेमसंबंधांसहि लागू करावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

ह्यावर संस्कृतिरक्षक म्हणतील, असलीं नातीं कायद्यानें मान्य करावीं काय? आम्ही म्हणतों, कायद्यानें नात्यास मान्यता द्यावी कीं नाहीं हा प्रश्नच नव्हे. जुगाराच्या अड्ड्यावरून परतणाऱ्याला कोणीं भोंसकलें, तर पोलीस जुगाराचा निषेध करून थांबत नाहींत. ज्याचें रक्षण करावयाचें त्याच्या सद्वर्तनाचा दाखला मागण्याची चाल फक्त स्त्रियांच्याच बाबतींत कां? दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. खोटी तक्रार ही वाईटच. तिची छाननी न्यायालयानें करावी. परंतु छाननी तक्रार घेतल्यावर होत असते, ठाण्याच्या दारांतून परत पाठवून नव्हे. तिसरें म्हणणें, मुलेंहि छळलीं जातात. जातात, हें आम्हांस मान्य आहे. मुलीकडून मुलाचा, आणि समलिंगी जोडप्यांतहि एकाकडून दुसऱ्याचा छळ होतो, आणि त्यांना तर सांगण्याची लाज आणखीच जड जाते. म्हणून काय सगळ्यांनींच मुकाट सोसावें? वर सांगितलेली कसोटी कोणीहि कोणासहि लावावी. तिला लिंगभेद ठाऊक नाहीं.

अखेर एक प्रश्न रस्त्यावरील माणसांचा. 27 जून 2023 रोजीं पुण्याच्या सदाशिव पेठेंत एक तरुण कोयता घेऊन ओळखीच्या तरुणीमागें धांवला. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारे साधे विद्यार्थी मध्यें पडले, आणि ती वांचली. जून 2024 मध्यें वसईस एका तरुणीवर पूर्वीच्या प्रियकरानें भर रस्त्यांत लोखंडी पान्यानें घाव घातले. पाहणारे पुष्कळ होते, मोबाईलवर चित्रण करणारेहि होते, आणि ती मेली. पुण्यांत जे पुढें झाले त्यांनीं, हा ह्या दोघांचा आपसांतला मामला, असें मानलें नाहीं; एवढाच दोहोंत फरक. ‘तूंच निवडलास ना?’ म्हणणारा घरांतला माणूस आणि मोबाईल उंच धरून उभा राहिलेला रस्त्यावरचा माणूस हे एकाच विचाराचे आहेत. दोघांच्याहि मतें ही मुलगी आपली कोणी नव्हे.

म्हणून आईबापांस आमचें सांगणें आहे. मुलगी कॉलेजांत जाऊं लागेल त्या दिवशीं शिस्तीचीं दहा कलमें वाचून दाखविण्याऐवजीं तिला एवढेंच सांगा कीं, तूं कोणाला निवडलेंस, आम्हांस तो पसंत पडला कीं नाहीं, ह्याचा वाद आपण मागाहून सावकाश घालूं. पण त्यानें तुझ्यावर हात टाकला, किंवा तुला भय घातलें, तर मध्यरात्रीं सुद्धां घरीं ये, दार उघडें आहे. हें वाक्य संकट येण्यापूर्वीं बोललें गेलें पाहिजे. संकट आल्यावर तें ऐकण्यास मुलगी घरांत असतेच असें नाहीं. आणि ज्या दिवशीं ती खरोखरच दारांत येऊन उभी राहील, त्या दिवशीं तिला एकहि प्रश्न विचारूं नका. आधीं तिला आंत घ्या.